समीकरणातले तिसरे पद

१

एखाद्याचे प्राण वाचवले की त्याच्याविषयीचे कर्तव्य पुरे झाले, असे सामान्यतः मानले जाते. बुडणाऱ्याला काठावर आणणाऱ्याने त्याला घरही बांधून द्यावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु वाचवलेला जीव एक दिवसाचे अर्भक असेल, आणि वाचल्यानंतरही आयुष्यभर सांभाळावी लागेल अशी एक देहावस्था त्याच्या सोबतीला राहणार असेल, तर हा हिशेब इतका सरळ उरत नाही. गेल्या सुमारे सत्तर वर्षांत वैद्यकाने अशी पुष्कळ अर्भके वाचवली. ती मोठी झाली, शिकली, काहींचे केस पिकले. त्यांच्या रूपाने एक जुनाच प्रश्न नव्याने समोर आला आहे. ज्याला जगवले त्याला जगता यावे, ही जबाबदारी कोणाची आणि ती कोठवर?

बेंगळुरूच्या दक्षिण भागात, होसूर रस्त्याच्या परिसरात, सरकारी रुग्णालयांची मोठी वसाहतच आहे. मुलांसाठी इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था, हाडांसाठी संजय गांधी संस्था, कर्करोगासाठी किडवई, आणि मेंदू व मन यांच्या विकारांसाठी १९७४ मध्ये आजचे रूप धारण केलेली निम्हान्स. मूत्रपिंडांची सरकारी संस्था शहराच्या जुन्या भागात, व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात आहे. वैद्यकीय ज्ञानाची आणि कौशल्याची अशी दाटी देशात फार थोड्या ठिकाणी आढळेल. तरीही स्पायना बायफिडा घेऊन जन्मलेला आणि आता तिशीत आलेला एखादा माणूस या शहरात कल्पून पाहिला, तर तो या दाटीतही एकटा दिसतो. त्याच्या मज्जारज्जूचा तज्ज्ञ एक, हाडांचा दुसरा, मूत्राशयाचा तिसरा. लहानपणी या साऱ्यांना एका धाग्यात ओवणारे बालरोगाचे डॉक्टर अठराव्या वर्षी मागे राहिले. हे कोणा एका रुग्णालयाचे किंवा एका शहराचे वैगुण्य नव्हे. प्रौढांचे वैद्यक जगभर अवयवांच्या सीमा आखून उभे राहिले आहे, आणि हा विकार त्या सीमा जुमानीत नाही.

स्पायना बायफिडा या लॅटिन नावाचा अर्थ दुभंगलेला कणा. गर्भातील मज्जासंस्था प्रारंभी एका सपाट पट्टीसारखी असते. तिच्या कडा वळत जाऊन एकमेकींना मिळतात आणि पट्टीची नळी होते. गर्भधारणेपासून साधारणपणे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी मिटलेली असावी लागते. पाठीच्या भागात ती मिटली नाही तर मणक्यांत फट राहते, आणि तीव्र प्रकारात मज्जारज्जू व त्याची आवरणे त्या फटीतून पिशवीसारखी बाहेर येतात. ही फट जितकी वरच्या बाजूला, तितके पायांतील बळ आणि त्वचेतील संवेदना कमी. मूत्राशय व आतडी यांवरचा ताबा बहुतेकांच्या बाबतीत अपुरा राहतो. अनेकांच्या मेंदूत द्रव साचू लागतो. बुद्धी बहुतेकांची सर्वसाधारण असते. काहींना हिशेब आणि नियोजन जड जाते, इतकेच.

एके काळी अशी मुले पहिल्या काही महिन्यांतच दगावत. ती जगू लागली याचे श्रेय काही थोड्या शोधांकडे जाते. १९५६ मध्ये फिलाडेल्फियात जॉन होल्टर या यंत्रकारागिराने आपल्याच मुलाच्या मेंदूत साचणारा द्रव वाहून नेण्यासाठी एक बारीक झडप तयार केली; शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांच्यासह त्याचे नाव त्या झडपेला मिळाले. १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले की रुग्णाने स्वतः, केवळ स्वच्छ हातांनी आणि स्वच्छ नळीने, दिवसातून ठरावीक वेळा मूत्राशय रिकामे केले तर मूत्रपिंडे सुरक्षित राहू शकतात. पहिल्या शोधाने मेंदू वाचवला, दुसऱ्याने मूत्रपिंडे. उपचार मिळालेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले आज प्रौढ वयात पोचतात. परंतु या दोन शोधांच्या मधल्या काळात वैद्यकाला एका प्रश्नाने घेरले होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्रशाळेत घडवता येण्याजोगे नव्हते.

२

इंग्लंडमधील शेफील्ड येथे जॉन लॉर्बर हे बालरोगतज्ज्ञ अशा मुलांवर वर्षानुवर्षे उपचार करीत होते. १९७१ मध्ये त्यांनी ५२४ मुलांचा लेखाजोखा मांडला. सर्वांवर शस्त्रक्रिया करण्याच्या धोरणातून फार मोठे दुःख पदरी आले असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि कोणत्या बाळांवर उपचार करू नयेत याची लक्षणे सांगितली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलांच्या वेदना त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. पण निवड करायची तर निकष हवेत, आणि निकष हवेत तर आयुष्याचे मोजमाप करता आले पाहिजे.

हे मोजमाप करू पाहणारे एक समीकरण १९७७ मध्ये अँथनी शॉ या अमेरिकी बालशल्यचिकित्सकांनी मांडले. कुटुंबाकडून मिळणारे पाठबळ आणि समाजाकडून मिळणारे पाठबळ यांची बेरीज करावी, त्या बेरजेला बाळाच्या निसर्गदत्त क्षमतेने गुणावे. येईल ती जीवनाची गुणवत्ता. हे विचाराला दिशा देणारे सूत्र आहे, त्यात आकडे घालून उत्तर काढायचे नाही, असे शॉ यांचे म्हणणे होते. परंतु सूत्र एकदा कागदावर उतरले की ते लिहिणाऱ्याचे राहत नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील डॉक्टरांच्या एका गटाने १९८३ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. स्पायना बायफिडा असलेल्या बाळांपैकी कोणाला जोमाने उपचार सुचवायचे आणि कोणाला नाही, हे ठरवताना या सूत्राचा प्रभाव आपल्यावर होता असे त्यांनी नमूद केले होते. ज्या २४ बाळांना केवळ शुश्रूषेवर ठेवले गेले, ती सर्व दगावली. या लेखावरून मोठे वादळ उठले.

या समीकरणाचा दोष पाहण्यासाठी गणित यावे लागत नाही. पाठीवर सारखीच फट असलेली दोन बाळे घ्यावीत. एक सुस्थितीतल्या घरात जन्मले, दुसरे दरिद्री घरात. देह तोच, पण दुसऱ्याची बेरीज कमी, म्हणून त्याच्या जगण्याची किंमतही कमी. ज्याला समाजाच्या आधाराची अधिक गरज, त्याच्याच विरुद्ध समाजाच्या आधाराचा अभाव पुरावा म्हणून उभा राहतो. समाजाने काही दिले नाही हा समाजाचा दोष खरा, पण समीकरणात तो बाळाच्या खात्यावर मांडला जातो.

तरीही हे समीकरण टाकून देण्याजोगे नाही. त्यात तीन पदे आहेत, आणि ती तीन आहेत एवढे मान्य करण्यातच एक प्रामाणिकपणा आहे. जीवनाची गुणवत्ता केवळ देहात नसते, हे या सूत्राच्या कर्त्याला ठाऊक होते. चूक झाली ती तिसऱ्या पदाविषयी. समाज हे पद जणू हवामानासारखे आहे, जसे असेल तसे धरून चालायचे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः तिन्ही पदांत तेच एक असे आहे की ज्याचे मूल्य माणसे ठरवू शकतात. आणि जरा खोलात गेले तर पहिले पद, ज्याला निसर्गदत्त म्हटले आहे, तेही पूर्णपणे निसर्गाने दिलेले नाही असे आढळते. पुढचे विवेचन या दोन गोष्टींविषयी आहे.

३

बेंगळुरूतील तो तिशीतला माणूस पुन्हा डोळ्यांसमोर आणावा. तो हुबळीकडून आला असेल, बेळगावातल्या मराठी घरातून आला असेल, किंवा याच शहरात वाढला असेल. त्याचे काम संगणकावरचे आहे. देशातल्या ज्या शहरात पोट भरण्यासाठी पायांची गरज सर्वांत कमी उरली आहे, अशा शहरांत बेंगळुरूची गणना करावी लागेल. परंतु कामाच्या जागेपर्यंत पोचायला पाय लागतातच. २० ऑक्टोबर २०११ रोजी शहरातील मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा स्थानकांत उद्वाहक आणि उतरण्या होत्या. चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी फलाटावरून थेट डब्यात जाऊ शकतो, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र स्थानकाबाहेर उखडलेली फरशी आली, तिच्यावर उभी केलेली दुचाकी आली, की तिथवरचा सगळा प्रवास व्यर्थ ठरतो.

समजा, तो तेवढेही पार करून कामावर पोचला. दर तीन-चार तासांनी त्याला मूत्राशय रिकामे करावे लागते. त्यासाठी हवे ते फार थोडे: खुर्ची आत जाईल एवढे रुंद दार, आतून लागणारी कडी, हात धुण्यासाठी पाणी आणि साबण, नळी ठेवायला कोरडी जागा. तेवढेही नसेल तर तो काय करतो? अशी माणसे करतात ते एकच, पाणी पिणे कमी करतात. सकाळी घरून निघताना पेलाभर, मग संध्याकाळपर्यंत नाही. मूत्र दाट होते, मूत्राशयात तुंबून राहते, जंतू वाढतात, आणि तो संसर्ग हळूहळू मूत्रपिंडांपर्यंत चढतो. काही वर्षांनी तपासणीच्या कागदावर मूत्रपिंडाची कार्यक्षमता घटल्याचा आकडा येतो. वैद्यकीय नोंदीत त्याचे कारण जन्मजात विकार असे लिहिले जाईल. खरे कारण एका दाराची रुंदी हे असू शकेल, पण त्यासाठी नोंदीत रकाना नसतो.

येथे समीकरणातली पदे एकमेकांत मिसळलेली दिसतात. समाजाने जे दिले नाही ते काही काळाने देहात जाऊन बसते आणि मग निसर्गाचा दोष म्हणून मोजले जाते. त्वचेचेही तसेच आहे. संवेदना नसलेल्या भागावर तासन्‌तास दाब आला की जखम होते, आणि तिची कुणकुण लागायला वेदना नसते. योग्य गादी आणि मधूनमधून शरीर उचलून घेण्याची सवय यांनी ती टळते. ज्या माणसाला गादी परवडत नाही, किंवा कामाच्या वेळात हालचाल करण्याचा संकोच वाटतो, त्याला ती होते. मेंदूतील द्रव वाहून नेणारी नळी प्रौढ वयातही तुंबू शकते. डोकेदुखी आणि सुस्ती घेऊन आलेल्या तरुणाला पाहून डॉक्टरांना ती नळी आठवावी लागते. अनेकांना रबराच्या हातमोज्यांतील लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी असते. अशा वेळी रुग्णालाच डॉक्टरांना शिकवावे लागते, आणि आजारी माणसाच्या अंगात शिकवण्याचे त्राण असतेच असे नाही.

याहून अवघड असे काही असते, ज्याची कोणत्याही विभागात तपासणी होत नाही. लहानपणापासून नळी, कपडे, औषधे यांचा सांभाळ बहुधा आईने केलेला असतो. तीस वर्षांच्या मुलाचा देह साठ वर्षांची आई ओळखते, तो स्वतः तितकासा ओळखत नाही, असे घडते. आमच्यामागे याचे काय, हा प्रश्न मराठी घरांत जसा विचारला जातो तसाच कन्नड घरांतही. प्रेमातून निघालेल्या या प्रश्नात एक गृहीतही दडलेले असते, की हा कधी स्वतःचा होणार नाही. मैत्री, शरीरसंबंध, विवाह, अपत्य यांविषयी त्याच्याशी कोणी बोललेले नसते. मुलगी असेल तर हे मौन अधिकच दाट होते. वस्तुतः स्पायना बायफिडा असलेल्या स्त्रियांना मूल होऊ शकते, आणि त्यांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्लाची अधिक मात्रा घ्यावी असा वैद्यकाचा स्पष्ट सल्ला आहे. पण हा सल्ला जिला द्यायचा ती कधी माता होईल असे कोणाच्या मनातच आले नाही, तर तो तिच्यापर्यंत पोचणार कसा?

४

तिसरे पद बदलता येते, हे या देशात सिद्ध करून दाखवले आहे ते ज्यांच्या देहाचे मोजमाप होत होते त्यांनीच. पोलिओने अपंगत्व आलेल्या एन. एस. हेमा यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये बेंगळुरूत अपंगांची एक संस्था सुरू झाली. इंग्रजीतील एपीडी या आद्याक्षरांनी ती आज ओळखली जाते. त्या काळी अशा कामाला दान म्हणत. हक्क हा शब्द यायला अजून अवकाश होता.

तो शब्द दिल्लीच्या दारात नेऊन ठेवणाऱ्यांत जावेद आबिदी यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९६५ मध्ये अलीगढ येथे जन्मलेले आबिदी स्पायना बायफिडा घेऊनच जन्मले होते. पुढे ते चाकाच्या खुर्चीवर आले. अमेरिकेत राइट स्टेट विद्यापीठात त्यांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतले. तेथे खुर्चीवर बसलेला विद्यार्थी कोणाची मदत न मागता वर्गात जाऊ शकत होता. भारतात परतल्यावर देह तोच होता, खुर्ची तीच होती. बदलले होते ते सभोवतालचे पद. १९९३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अपंग हक्क गट उभा केला. १९ डिसेंबर १९९५ रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या अपंगांनी दिल्लीत निदर्शने केली, आणि त्यानंतर अवघ्या तीन दिवसांत संसदेने अपंगांसाठीचा कायदा संमत केला. १९९८ मध्ये त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारी विमान कंपनीला अधिक तीव्र अपंगत्व असलेल्या प्रवाशांना भाड्यात सवलत देण्याचा आदेश दिला. २००१ च्या जनगणनेत अपंगांची गणना व्हावी यासाठीही त्यांनी झगडा दिला. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा ऐतिहासिक वास्तूंत लाकडी उतरण्या बसवाव्या लागल्या, त्यामागेही आबिदींचाच आग्रह होता. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. ४ मार्च २०१८ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी आबिदींचे निधन झाले.

त्यांच्या जन्माच्या वेळी कोणी ते समीकरण मांडले असते तर काय उत्तर आले असते, असा प्रश्न सहज मनात येतो. पण हा प्रश्न सावधपणे हाताळला पाहिजे. आबिदी कर्तबगार निघाले म्हणून त्यांचे वाचणे सार्थ ठरले, असे म्हणणे म्हणजे त्याच समीकरणात शिरणे होय. अष्टावक्राची लोकपरंपरेतली कथा या संदर्भात आठवते. गर्भात असतानाच मिळालेल्या शापाने आठ ठिकाणी वाकलेला तो मुलगा जनकाच्या सभेत आला, तेव्हा विद्वान हसले. त्याने त्यांना चामड्याची पारख करणारे म्हटले, आणि सभा ओशाळली. ही कथा सांगताना आपल्याला अष्टावक्राच्या ज्ञानाचे कौतुक वाटते. पण त्याच दिवशी एखादा साधा, वाकलेल्या देहाचा, वेदान्तातले काही न कळणारा मुलगा सभेच्या दारात आला असता, तर त्याच्या वाट्याला काय आले असते? कथेत त्याच्यासाठी जागा नाही. न्यायाची कसोटी मात्र तोच आहे. सभेत बसायला मिळावे म्हणून प्रत्येकाला अष्टावक्र व्हावे लागू नये. आणि बसमध्ये चढायला मिळावे म्हणून प्रत्येकाला आबिदी व्हावे लागू नये.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. दुःख खरे असते. २००५ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील डॉक्टरांनी अतिशय आजारी नवजातांना वेदनारहित मृत्यू देण्याविषयीची एक कार्यपद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी उल्लेखिलेली २२ प्रकरणे तीव्र स्पायना बायफिडाची होती. मुलाला पुढे असह्य यातना होतील, हा त्यामागचा युक्तिवाद होता. यातनांचे हे भाकीत करणारा मात्र त्या अवस्थेच्या बाहेर उभा असतो. १९९९ मध्ये अल्ब्रेख्त आणि देव्लीगर या संशोधकांनी निरनिराळे अपंगत्व असलेल्या १५३ व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे अपंगत्व मध्यम ते तीव्र होते, त्यांच्यातील निम्म्याहून अधिक लोकांनी आपले जीवन चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला हे विपरीत वाटते. आतल्याला वाटत नाही.

अर्थात, आतल्याची साक्षही जपून वाचावी लागते. वंचित माणूस आपल्या अपेक्षा परिस्थितीच्या मापाने कापून घेतो आणि मग समाधानी दिसू लागतो, हे अमर्त्य सेन यांनी वारंवार दाखवले आहे. समान उत्पन्नातून समान जीवन निष्पन्न होत नाही, कारण अपंग माणसाला तेवढेच साधण्यासाठी अधिक खर्चावे लागते, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत. माझे आयुष्य जगण्याजोगे आहे, असे कोणी म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवावा; तो समाधानी आहे म्हणून आता काही करायला नको, असा अर्थ मात्र त्यातून काढू नये. त्याची साक्ष त्याच्या जगण्याच्या मोलाविषयी असते. आपल्या कर्तव्यातून आपल्याला मोकळे करण्यासाठी ती दिलेली नसते.

५

आता पहिल्या पदाकडे, ज्याला निसर्गदत्त म्हटले गेले. या विकाराचा मोठा भाग टाळता येतो, आणि ज्या ज्ञानामुळे तो टळतो त्याचा उगम मुंबईत आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज वैद्यक-संशोधक मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब स्त्रियांना गरोदरपणी जडणारा एक घातक रक्तक्षय हा त्यांचा अभ्यासविषय होता. तो जंतूंमुळे नाही, आहारातल्या न्यूनामुळे होतो असे त्यांना आढळले, आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अनोळखी घटकाला पुढे फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले होते, आणि फॉलियम म्हणजे पान. १९४५ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या अमेरिकेतील संशोधकांच्या गटाचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातून गेलेले शास्त्रज्ञ होते. आणि १९९१ मध्ये, विल्स यांच्या शोधनिबंधानंतर साठ वर्षांनी, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत केलेल्या चाचणीतून दिसले की आधीचे मूल या विकाराने ग्रस्त असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून हे आम्ल घेतल्यास पुढच्या वेळचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो.

म्हणजे ज्याला निसर्गाचे दान म्हटले गेले त्यात आईच्या ताटाचाही वाटा होता. ताट कोणी रिकामे ठेवले, हा प्रश्न निसर्गशास्त्राचा नाही. भारतातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार दर हजार जन्मांमागे सुमारे चार बाळांत मज्जानलिकेचे दोष आढळतात. नळी मिटते तेव्हा बहुतेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे कळलेलेही नसते. डॉक्टरकडे पहिल्यांदा गेल्यावर दिलेली गोळी म्हणूनच उशिरा पोचते, आणि रोजच्या अन्नातच हा घटक असावा असा आग्रह धरला जातो. सांगलीतल्या ४३ तरुणींना फोलेट आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळलेला चहा देऊन केलेला एक प्राथमिक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांत त्यांच्या रक्तातील या घटकांत सुधारणा दिसली. गरिबाच्या घरी दूध नसेल, पण चहा असतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अन्न-समृद्धीकरणाविषयी जो ठराव केला त्यात स्पायना बायफिडाचे नाव स्पष्टपणे घेतले आहे.

या प्रतिबंधाविषयी एक नैतिक शंका उपस्थित केली जाते. एखादी अवस्था जगात नसावी यासाठी झटणे, आणि त्या अवस्थेत जगणाऱ्यांचे जगणे मोलाचे मानणे, या दोन गोष्टी एकाच मनात राहू शकतात काय? पोलिओचे उदाहरण यावर प्रकाश टाकते. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्याने पोलिओ झालेल्या कोणाचाही अपमान झाला नाही. रोग नको म्हणणे म्हणजे माणूस नको म्हणणे नव्हे. अन्यथा आंधळेपणा टाळण्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरला अंधांचा शत्रू म्हणावे लागेल. धोका आहे तो दुसरीकडे. अवस्था जसजशी विरळ होते तसतसा तिच्या सोबत जगणाऱ्याभोवतीचा समाज विसराळू होत जातो. डॉक्टरांना ती दिसत नाही म्हणून ओळखता येत नाही, आणि शेजाऱ्याच्या नजरेत नवा प्रश्न उमटतो, की हे टाळता आले नव्हते का? टाळता येण्याजोगे जे होते ते टळले नाही, याचा भार मग आईवर आणि त्या माणसावर पडतो. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त याच भाराचे जुने नाव होते.

२०२१ च्या सुधारणेने भारतीय कायद्याने गर्भातील गंभीर व्यंगाच्या बाबतीत, वैद्यकीय मंडळाच्या निदानानंतर, गर्भपातासाठी असलेली आठवड्यांची मर्यादा काढून टाकली. निर्णय स्त्रीचा आहे, आणि तो तिचाच असावा. पण त्या क्षणी तिला काय सांगितले जाते, याची जबाबदारी इतरांची आहे. मणक्यातील फटीची उंची तिला सांगितली जाते. या अवस्थेतील प्रौढ माणसे कशी जगतात, काय करतात, कशाने अडतात, हे सांगणारे तेथे सहसा कोणी नसते. तिच्यासमोर मांडलेल्या समीकरणात पहिले पद ठळक असते आणि तिसरे पद कोरे. ती ज्या समाजाच्या भरवशावर हो किंवा नाही म्हणणार, त्या समाजाने तोवर आपला शब्द दिलेलाच नसतो.

हा शब्द घोषणांनी दिला जात नाही. अपंग, विकलांग, दिव्यांग अशी नावे बदलत गेली. नावाने दार रुंद होत नाही. तो शब्द दिला जातो तेव्हा त्याचे रूप अगदी किरकोळ असते. अठराव्या वर्षानंतर ज्याच्याकडे जावे असा एक डॉक्टर, वर्षातून एकदा होणारी मूत्रपिंडांची तपासणी, स्थानकापासून कचेरीपर्यंत न तुटणारी फरशी, आत गेल्यावर बंद होणारे दार आणि नळाला पाणी. बेंगळुरूतल्या त्या माणसाला संध्याकाळी घरी निघण्याआधी, मधल्या वेळेत, भरपूर पाणी निर्धास्तपणे पिता आले, तर त्या दिवसापुरते तिसरे पद आपल्या जागी आहे असे समजावे.